‘तुम्ही कुठले?’ हे विचारतंय कोण



1927 साली लिव्हरपूल शहरात जॉर्ज बॉवी नावाचे एक गृहस्थ वयाच्या 82 व्या वर्षी वारले. जन्म स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचा. तिथे ते फिरते विक्रेते होते. सदतिसाव्या वर्षी त्यांनी नोकरी सोडली आणि उरलेली पंचेचाळीस वर्षं कसलंही काम न करता नातलगांच्या जिवावर काढली. 1892 मध्ये ते भावाकडे लिव्हरपूलला राहायला आले ते मरेपर्यंत तिथेच राहिले. त्या काळात शहराबाहेर पडले ते दोनदा, एकदा अमेरिकेला आणि एकदा आइल ऑफ मॅन या बेटावर सुट्टीसाठी. आई वारली तेव्हा तिच्या अंत्यविधीलाही ग्लासगोला गेले नाहीत. पुरायची जागासुद्धा लिव्हरपूलमध्येच घेऊन ठेवली होती. मात्र ग्लासगोचं एक साप्ताहिक ते मागवत आणि ‘मी ग्लासगोचा माणूस’ असं सांगत.

या बॉवींनी स्वहस्ताक्षरात मृत्युपत्र लिहिलं होतं, पण त्यावर साक्षीदारांच्या सह्या घेतल्या नव्हत्या. स्कॉटलंडच्या कायद्याने असं मृत्युपत्र चालत होतं, इंग्लंडच्या कायद्याने चालत नव्हतं. साहजिकच वाद कोर्टात गेला आणि चढत चढत हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोचला. प्रश्न एवढाच होता की बॉवी कुठले? 1930 मध्ये निकाल लागला : स्कॉटलंडचे. मृत्युपत्र वैध ठरलं आणि ग्लासगोच्या तीन इस्पितळांना आणि लिव्हरपूलच्या एका इस्पितळाला त्यांचे पैसे मिळाले.

आता इंग्रजीचा कोश उघडा. बॉवी लिव्हरपूलचे ‘रेसिडेंट’ होते यात शंका नाही. ‘इनहॅबिटंट’ही होते. शेजाऱ्यांच्या तोंडी ते ‘लोकल’ होते की नव्हते, हे शेजाऱ्यांनाच ठाऊक. ‘नेटिव्ह’ मात्र ग्लासगोचे. आणि ‘डोमिसाईल’, म्हणजे कायद्याच्या लेखी अधिवास, त्यांचा स्कॉटलंडचा. कोशात हे शब्द पाठीला पाठ लावून बसलेले असतात, आणि विद्यार्थ्यांना आपण सांगतो की यांच्या अर्थात सूक्ष्म छटांचा फरक आहे. छटा हा शब्द ऐकला की वाटतं, जिव्हाळा कमी-जास्त असेल. एका शब्दात गावाची ओढ जास्त, दुसऱ्यात कमी. मला आज नेमकं याच्या उलट सांगायचं आहे. एखाद्या ठिकाणचं असणं सांगणारे इंग्रजीतले बहुतेक शब्द त्या माणसाने स्वतःविषयी काढलेले नाहीत. ते कुणीतरी दुसऱ्याने, हातात वही घेऊन, काहीतरी द्यायचं किंवा नाकारायचं म्हणून विचारलेल्या प्रश्नातून आले आहेत. म्हणून शब्दाचा अर्थ लावायचा तर आधी विचारणारा शोधावा, आणि तो कोणत्या वेळी विचारतोय तेही पाहावं. डोमिसाईलचा प्रश्न बहुधा माणूस मेल्यावर उभा राहतो, मालमत्ता कुणाची आणि कर कुणाचा हे ठरवायला. उत्तर देणारा तेव्हा हजर नसतो. म्हणून न्यायाधीश त्याची पत्रं वाचतात, त्याच्याकडे येणारी वर्तमानपत्रं मोजतात.

बॉवींच्या आधी, 1904 मध्ये, असाच एक खटला झाला होता. त्यातले विनान्स हे अमेरिकन कोट्यधीश. रशियात रेल्वेची कामं करून पैसा केला, छाती नाजूक म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने इंग्लंडला आले आणि ब्रायटनला घर भाड्याने घेतलं. 1897 मध्ये मरेपर्यंत, सदतीस वर्षं, इंग्लंड हाच त्यांचा मुख्य मुक्काम. या काळात त्यांना दोनच ध्यास होते. एक, स्वतःची प्रकृती. दुसरा, चिरुटाच्या आकाराची जहाजं बांधून जगाचा मालवाहतुकीचा धंदा ब्रिटिशांच्या हातून काढून घ्यायचा. त्यासाठी बाल्टिमोरला जमीनसुद्धा घेऊन ठेवली होती. ब्रिटिश सरकारने त्यांच्या इस्टेटीवर कर मागितला, आणि लॉर्ड्सनी बहुमताने सांगितलं की हा गृहस्थ इंग्लंडचा झालाच नाही. इंग्लंडचा इतका मनापासून द्वेष करणारा माणूस इंग्लंडमध्ये कायमचं राहायच्या इराद्याने राहत होता असं म्हणणार तरी कसं? मला हा निकाल आवडतो. पण बॉवींना लिव्हरपूलचा द्वेष नव्हता, उलट ग्लासगोला जायचाच कंटाळा होता. तरीही दोघांचं उत्तर एकच आलं. जन्माबरोबर बापाकडून मिळालेला अधिवास सुटायला इंग्लिश कायद्यात फार भक्कम पुरावा लागतो. आळस हा पुरावा होत नाही.

‘रेसिडेंट’ या शब्दावर फार वेळ घालवायला नको. मुळात लॅटिनमध्ये त्याचा अर्थ मागे बसून राहिलेला, ठाण मांडलेला. पुण्याला हा शब्द नीट माहीत आहे. 1786 मध्ये चार्ल्स मॅलेट पेशव्यांच्या दरबारी ब्रिटिश रेसिडेंट म्हणून आला. त्याच्या नंतरच्यांपैकी एलफिन्स्टनची संगमावरची रेसिडेन्सी 5 नोव्हेंबर 1817 रोजी, खडकीच्या लढाईच्या दिवशी, जाळली गेली. इथे रेसिडेंट म्हणजे जो इथला मुळीच नाही, पण इथे बसलेला आहे, असा. दरबाराने ते पद ज्या अर्थाने ओळखलं त्यात इथलेपणाचा लवलेश नव्हता.

खरी गंमत जुन्या लंडनमध्ये आहे. सोळाव्या शतकातल्या लंडनमध्ये माणसांची वर्गवारी अशी होती : ‘सिटिझन’ म्हणजे ज्याच्याकडे शहराची ‘फ्रीडम’ आहे, म्हणजे एखाद्या गिल्डमध्ये, कारागीर-व्यापाऱ्यांच्या संघात, उमेदवारी करून, वारशाने किंवा पैसे भरून ज्याने शहरात दुकान थाटण्याचा हक्क मिळवला आहे. राजाची प्रजा असलेला, इंग्लिश बोलणारा, पण हा हक्क नसलेला माणूस म्हणजे ‘फॉरिनर’. आणि समुद्रापलीकडून आलेला फ्रेंच किंवा डच विणकर म्हणजे ‘स्ट्रेंजर’ किंवा ‘एलियन’. म्हणजे यॉर्कशरहून आलेला सुतार लंडनच्या गिल्डच्या लेखी फॉरिनर. 1 मे 1517 ला लंडनच्या शिकाऊ उमेदवारांनी दंगल केली, परक्या कारागिरांची घरं फोडली, तेव्हा रोख होता तो स्ट्रेंजरांवर. फॉरिनरांशी त्यांचं भांडण होतंच, पण ते वेगळ्या वहीतलं.

या दोन शब्दांची जोडी एका छपराखाली पाहायला मिळते. 1604 च्या सुमारास शेक्सपियर सिल्व्हर स्ट्रीटवर माउंटजॉय नावाच्या फ्रेंच ह्यूगेनॉट कारागिराच्या घरी भाड्याने राहत होता. माउंटजॉय बायकांच्या डोक्यावरचे सजावटीचे टोप बनवायचा. शेक्सपियरने लंडनच्या एखाद्या गिल्डची फ्रीडम घेतल्याची नोंद नाही. म्हणजे काटेकोर बोलायचं तर घरमालक स्ट्रेंजर आणि भाडेकरू फॉरिनर. इंग्रजी भाषा ज्याची म्हणून जग ओळखतं, तो त्याच भाषेच्या राजधानीत फॉरिनर!

माउंटजॉयने पुढे 1607 मध्ये एक कागद मिळवला, आणि तो ‘डेनिझन’ झाला. हा शब्द आज इंग्रजीत जवळजवळ शोभेपुरता उरलाय. ‘डेनिझन्स ऑफ द फॉरेस्ट’ म्हणजे हरणं, घुबडं वगैरे. मूळ मात्र पक्कं व्यवहारी आहे. जुन्या फ्रेंचमधून आलेला, ‘आतला’ अशा अर्थाचा शब्द. राजा स्वतःच्या सहीशिक्क्याने एखाद्या परदेश्याला डेनिझन करत असे. मग त्याला जमीन विकत घेता येई, पुढे मुलांना देता येई. पण स्वतःच्या परदेशी बापाकडून वारशाने जमीन मिळत नसे. जकातही बहुधा परदेश्याच्याच दराने भरावी लागे. नॅचरलायझेशन, म्हणजे पूर्ण प्रजाजन होणं, संसदेच्या कायद्याने व्हायचं आणि महाग पडायचं. डेनिझन हा मधला उंबरठा होता. ‘आतला’ म्हणवून घ्यायचं, पण किती आतला, हे राजाच्या पत्रातला प्रत्येक शब्द ठरवणार.

एकोणिसाव्या शतकात वनस्पतिशास्त्रज्ञांनी हेच शब्द उचलले. ह्यूएट वॉटसन याने 1847 पासून ब्रिटनच्या वनस्पतींची जी मोठी मोजदाद प्रसिद्ध केली, त्यात झाडांचे वर्ग होते नेटिव्ह, डेनिझन, कॉलनिस्ट, एलियन. कायद्याच्या कचेरीतून थेट कुंपणाच्या गवतात! त्या वर्गवारीचा वाद अजून मिटलेला नाही. स्नोड्रॉप हे फूल इंग्रजांना वसंताच्या आगमनाचं स्वतःचं फूल वाटतं, पण रानात वाढल्याच्या त्याच्या पहिल्या नोंदी अठराव्या शतकाच्या अखेरीच्या आहेत. ससा नॉर्मन लोकांनी आणला. कालव मात्र ‘नेटिव्ह’ हवं असतं. व्हिट्स्टेबलचं नेटिव्ह म्हटलं की दर चढतो. नेटिव्ह म्हणवल्यामुळे किंमत वाढलेला इंग्रजी साम्राज्यातला हा बहुधा एकमेव जीव असावा.

कारण माणसांच्या बाबतीत नेटिव्ह हा शब्द फार वाईट दिवस पाहत आलाय. मध्ययुगीन लॅटिन दस्तऐवजांत ‘नेटिव्हस’ म्हणजे जन्मानेच जमीनदाराशी बांधलेला भूदास. तो पळून गेला तर जमीनदार राजाकडून हुकूम आणून त्याला परत ओढून आणू शकत होता. त्या हुकमाच्या नावातच हा शब्द होता. म्हणजे जन्मस्थानाशी असलेलं नातं हे आधी बेडी म्हणून नोंदलं गेलं. पुढे तोच शब्द कंपनीच्या जहाजांतून मुंबईला आला. नेटिव्ह टाउन, नेटिव्ह इन्फंट्री, नेटिव्ह स्टेट्स. इंग्लंडमध्ये नेटिव्ह म्हटलं की कुठला नेटिव्ह हे सांगावं लागतं, लंडनचा की लीड्सचा. मुंबईत सांगावं लागत नसे. जो राज्यकर्ता नाही तो नेटिव्ह. आणि हे विशेषण आपल्याच लोकांनी निमूट स्वीकारलं होतं. जगन्नाथ शंकरशेट ज्या संस्थेत काम करत तिचं नाव बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी होतं.

अमेरिकेत याहून मोठी उलटापालट झाली. 1840 च्या दशकात तिथे ‘नेटिव्ह अमेरिकन’ नावाचा एक पक्ष होता. त्यात होते गोरे प्रॉटेस्टंट, आणि त्यांचा राग होता आयर्लंडहून येणाऱ्या कॅथलिकांवर. ज्यांचे आजे-पणजे स्वतः बोटीतून उतरले होते ते नेटिव्ह झाले. ज्यांच्या जमिनीवर ते उतरले त्यांचं काय? 1884 च्या एका खटल्यात जॉन एल्क या आदिवासी माणसाने मतदार म्हणून नाव नोंदवायला मागितलं. तो टोळीची वस्ती सोडून ओमाहा शहरात राहायला आला होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की टोळीत जन्मलेला माणूस जन्माने अमेरिकेचा नागरिक होत नाही. त्या जमातींतल्या सगळ्यांना नागरिकत्व मिळालं ते 1924 च्या कायद्याने. ‘नेटिव्ह अमेरिकन’ हे नाव त्यांच्याकडे रूढ अर्थाने आलं ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

मुंबईत मात्र या शब्दाने एक स्वतंत्र वळण घेतलं. ‘नेटिव्ह प्लेस’ हा भारतीय इंग्रजीतला प्रयोग आहे; इंग्लंडमध्ये असं कुणी विचारत नाही. इंग्रजाच्या लेखी नेटिव्ह म्हणजे तुम्ही जन्मलात ते ठिकाण. आपल्याकडे परळच्या इस्पितळात जन्मलेली, भायखळ्याच्या शाळेत शिकलेली मुलगी नेटिव्ह प्लेसच्या रकान्यात रत्नागिरी जिल्ह्यातलं गाव लिहिते, जिथे ती गणपतीला आणि मे महिन्यात जाते. गिरणगावात कोकणातून माणसं आली ती बायका-मुलांना मागे ठेवून. पगार मनीऑर्डरने गावाला जायचा. मुंबई हा मुक्काम, गाव हे घर, अशी दोन पिढ्यांची मांडणी त्या रकान्यात जाऊन बसली. हा एकच शब्द मला सापडतो जो साहेबाकडून घेऊन आपण त्याचा अर्थ फिरवला आणि आपल्या सोयीने वापरला. पण तिथेही रकाना छापणारा दुसराच आहे.

आता ‘सेटलमेंट’. या शब्दावर जरा थांबू, कारण त्याने सामान्य इंग्लिश माणसाला जितकं छळलं तितकं दुसऱ्या कुठल्याही शब्दाने छळलं नसेल. 1662 च्या कायद्याने प्रत्येक गरीब माणूस कोणत्या तरी एका पॅरिशचा असला पाहिजे, असं ठरलं. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतलं गाव. गरिबांना पोसायचा खर्च पॅरिशमधल्या घरपट्टी भरणाऱ्यांवर पडायचा. म्हणून नवा माणूस आला की पॅरिशच्या अधिकाऱ्यांची नजर त्याच्यावर. उद्या हा आजारी पडला, उद्या म्हातारा झाला, तर खर्च आपल्यावर येणार. चाळीस दिवसांच्या आत तक्रार करून दोन न्यायाधीशांच्या हुकमाने त्याला त्याच्या ‘स्वतःच्या’ पॅरिशमध्ये पाठवून देता येत असे. ज्याचं भाडं वर्षाला दहा पौंड किंवा त्याहून जास्त, त्याला मात्र हात लावायचा नाही. दहा पौंड तेव्हा मजुराच्या आवाक्याबाहेरची रक्कम होती.

पुढे नियम वाढत गेले. अविवाहित मजुराने एका धन्याकडे सलग वर्षभर नोकरी केली तर त्याला त्या गावाची सेटलमेंट मिळे. म्हणून शेतकरी गड्याला एक्कावन्न आठवड्यांच्या करारावर ठेवू लागले. बाई लग्न करून नवऱ्याच्या पॅरिशची होई, तिने तिथे पाऊलही टाकलेलं नसलं तरी. अनौरस मूल जिथे जन्मेल तिथलं ठरे, म्हणून गरोदर कुमारिकेला बाळंत होण्याआधी हद्दीबाहेर हाकलण्याची धडपड चाले. 1697 मध्ये मदत घेणाऱ्यांच्या बाहीवर ‘पी’ हे अक्षर शिवायचा नियम आला, ‘पॉपर’ म्हणजे कंगाल या शब्दाचं अक्षर. त्याच्या शेजारी पॅरिशचं आद्याक्षर. अ‍ॅडम स्मिथने 1776 च्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवलंय की चाळिशी गाठलेला क्वचितच एखादा गरीब इंग्लिश माणूस असेल ज्याला या कायद्याने कधी ना कधी छळलेलं नाही. 1795 मध्ये एवढी सुधारणा झाली की प्रत्यक्ष मदत मागेपर्यंत कुणाला घालवून देता येणार नाही.

आज ब्रिटनमध्ये ‘सेटल्ड स्टेटस’ आहे. युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर तिथे राहणाऱ्या युरोपीय नागरिकांना अर्ज करावा लागला. पाच वर्षं सलग राहिल्याचं दाखवता आलं तर ‘सेटल्ड’, कमी असतील तर ‘प्री-सेटल्ड’. हा दुसरा शब्द घडवणाऱ्या कारकुनाचं मला कौतुक वाटतं. माणूस तीन वर्षं घर करून राहतोय, पोरं शाळेत जातायत, आणि तो स्थिरावण्याच्या पूर्वावस्थेत!

सरकारी कारकून सोडून शेजाऱ्यांकडे वळलं तर हवा थोडी हलकी होते. शेटलंड बेटांवर बाहेरून आलेल्याला ‘सूदमूदर’ म्हणतात, लर्विक बंदराच्या दक्षिण तोंडातून बोटीने शिरलेला म्हणून. आयर्लंडच्या पश्चिम कॉर्कमध्ये ‘ब्लो-इन’, वाऱ्याने उडून आलेला. उत्तर इंग्लंडच्या डोंगराळ भागात ‘ऑफकमर’. कॉर्नवॉलमध्ये पर्यटकाला ‘एमेट’, म्हणजे मुंगी. अमेरिकेत केप कॉडला ‘वॉशअशोर’, लाटेने किनाऱ्यावर टाकलेला. या शब्दांत थट्टा आहे, आणि थट्टेखाली चिवटपणा. तीस वर्षं राहिलेला माणूसही ब्लो-इनच असतो, हे मोठ्या आनंदाने सांगतात. इथे विचारणाऱ्याच्या हातात वही नसते, पण लक्षात सगळं असतं. अलीकडे त्या वहीचं कामही असे शेजारीच करतात : कॉर्नवॉलच्या सेंट आइव्हज गावाने 2016 मध्ये मतदान घेऊन ठरवलं की नवं घर फक्त तिथेच कायम राहणाऱ्याला विकायचं. सुट्टीपुरत्या येणाऱ्यांमुळे घरांच्या किमती गगनाला भिडल्या होत्या. ‘लोकल’ या सैल शब्दाला त्या दिवशी दस्तऐवजाचं वजन आलं.

उलट ज्यांना शब्दाची सर्वांत जास्त गरज होती, त्यांच्या बाबतीत शब्दच बदलले गेले. साम्राज्याच्या काळात मुंबईकर आणि लंडनकर दोघेही ‘सब्जेक्ट’, राजाची प्रजा. म्हणून तर दादाभाई नौरोजी 1892 मध्ये फिन्सबरी सेंट्रलमधून ब्रिटिश संसदेवर निवडून येऊ शकले. ब्रिटिश मतदारसंघ काळ्या माणसाला निवडून देईल अशी वेळ अजून आलेली नाही, असं पंतप्रधान सॉल्सबरीने त्याआधी जाहीर म्हटलं होतं, पण कायद्याने अडवता येत नव्हतं. 1968 मध्ये केनियातल्या हिंदी लोकांच्या हातात ब्रिटिश पासपोर्ट होते. ते ब्रिटनला येऊ लागताच संसदेने तीन दिवसांत कायदा करून सांगितलं की माणूस स्वतः, किंवा त्याच्या आईबाप, आजी-आजोबांपैकी निदान एकजण, ब्रिटनमध्ये जन्मलेला, दत्तक गेलेला किंवा नागरिक झालेला हवा. 1971 मध्ये यासाठी वेगळाच शब्द काढला, ‘पेट्रियल’. त्या आधी तो रोजच्या बोलण्यात नव्हता आणि 1983 नंतर कायद्यातही राहिला नाही. हाँगकाँगच्या कायद्यात तर ‘बिलाँगर’ असा शब्द होता. जो इथला आहे तो, एवढंच. व्याकरणाने इतका निर्मळ शब्द, आणि तोही इमिग्रेशनच्या कायद्यातला.

आपल्याकडे हा सगळा गुंता ‘डोमिसाईल’ या एका शब्दात भरलेला आहे. बारावी झालेल्या मुलाचे आईवडील तहसील कचेरीच्या किंवा सेतू केंद्राच्या रांगेत उभे असतात, वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्रासाठी. राज्यात पंधरा वर्षं राहिल्याचा पुरावा द्यायचा असतो. बॉवी आणि विनान्स यांच्या कायद्याप्रमाणे पाहिलं तर हा शब्दाचा चुकीचा वापर आहे. 1984 मध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात न्यायमूर्ती भगवतींनी हेच म्हटलं : भारतात अधिवास एकच, भारताचा, राज्याचा अधिवास अशी काही चीज नाही, राज्यं तो शब्द नुसत्या रहिवासाच्या अर्थाने वापरतात. 29 जानेवारी 2025 ला चंडीगडच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा सांगितलं आणि पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशातलं रहिवासावर आधारलेलं आरक्षण घटनाबाह्य ठरवलं. एमबीबीएससाठीचं मात्र राहिलं, त्यामुळे रांगही राहिली. खिडकीपलीकडच्या कारकुनाला लॉर्ड्सच्या निकालांशी कर्तव्य नाही आणि नसावंच. त्याला शाळा सोडल्याचा दाखला हवा, रेशनकार्ड हवं, वीजबिल किंवा भाड्याची पावती हवी. भाड्याच्या खोल्या बदलत पंधरा वर्षं काढलेल्या कुटुंबाकडे यातलं काय सापडणार, हा प्रश्न 1662 च्या कायद्यापुढेही होता. त्याने उत्तर दिलं होतं, वर्षाला दहा पौंड.